विश्लेषण : घरी बांधलेल्या विमानात हीटर बसवणे जोखमीचे का ठरते? फुलसावंगीच्या हेलिकॉप्टरने कोणता धडा दिला?

विदर्भात उन्हाळ्याची चाहूल लागली की वेल्डिंगच्या दुकानांत कूलरच्या ऑर्डर सुरू होतात. यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यात फुलसावंगी येथे अशाच एका दुकानात कपाटे आणि कूलर बनवणाऱ्या २४ वर्षांच्या तरुणाने चक्क हेलिकॉप्टर बांधले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याची चाचणी घेताना त्याचा मृत्यू झाला. कारण ठरले एका भागाचे तुटणे.

त्या हेलिकॉप्टरमध्ये हीटरचा प्रश्नच नव्हता, कारण त्याची चाचणी जमिनीवर सुरू होती. पण घरी विमान बांधणाऱ्यांच्या जगात एक भाग असा आहे, जो सगळ्यात सोपा वाटतो आणि म्हणून सगळ्यात कमी तपासला जातो. तो म्हणजे केबिन हीटर. पत्र्याची एक खोळ, दोन नळ्या आणि एक झडप, एवढाच त्याचा पसारा. फुलसावंगीत भाग तुटला तेव्हा ते सगळ्यांना दिसले. हीटर बिघडतो तेव्हा दिसत नाही, आवाज येत नाही आणि वासही येईलच असे नाही. हा हीटर कसा काम करतो, तो बसवताना चूक कुठे होते आणि त्याच चुकीचा आपल्या घरातील न्हाणीघराशी काय संबंध आहे, ते समजून घेऊ.

फुलसावंगीत नेमके काय घडले होते?

शेख इस्माईल शेख इब्राहिम ऊर्फ मुन्ना हा आठवीपर्यंत शिकलेला तरुण. घरच्या वेल्डिंगच्या कामात तो तयार झाला होता. ‘थ्री इडियट्स’ हा चित्रपट आणि यूट्यूबवरील व्हिडीओ पाहून त्याने सुमारे दोन वर्षे खपून एक आसनी हेलिकॉप्टर तयार केले. त्याला त्याने मारुती ८०० मोटारीचे इंजिन बसवले होते. १५ ऑगस्टला ते सर्वांसमोर आणायचे, असे त्याचे स्वप्न होते.

१० ऑगस्टच्या रात्री चाचणी सुरू असताना शेपटीकडील पंख्याचे पाते तुटले, ते वरच्या मुख्य पंख्यावर आदळले आणि मुख्य पंख्याचा घाव केबिनमध्ये बसलेल्या इस्माईलच्या डोक्याला लागला, असे त्या वेळच्या बातम्यांत नमूद आहे. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. हेलिकॉप्टरने अजून आकाश पाहिले नव्हते.

या घटनेनंतर देशभर त्याच्या जिद्दीचे कौतुक झाले. मात्र एक मुद्दा मागे राहिला. उडणारे यंत्र बांधताना इंजिन आणि पंख यांच्याकडे सगळ्यांचे लक्ष असते. जीव मात्र अनेकदा एखाद्या बोल्टवर, पात्यावर किंवा पत्र्यावर अवलंबून असतो.

घरी विमान बांधणे हा प्रकार कितपत रूढ आहे?

अमेरिकेत हा मोठा छंद आहे. तेथे १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी ‘एक्स्परिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ सुरू केली. विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः शिकण्यासाठी किंवा विरंगुळ्यासाठी केले असेल, तर त्याला वेगळ्या वर्गात नोंदणी मिळते. सुटे भाग किटमध्ये विकत घेऊन गॅरेजमध्ये विमान जोडणारे हजारो लोक तेथे आहेत. ‘व्हॅन्स’ या एकाच कंपनीच्या किटमधून दहा हजारांहून अधिक विमाने उडाली आहेत.

महाराष्ट्रातील सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे वैमानिक अमोल यादव. त्यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. ते २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडण्यात आले. नोंदणीसाठी त्यांना अनेक वर्षे झगडावे लागले. अखेर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजेच डीजीसीएने, नोंदणी दिली आणि २०१९ मध्ये चाचणी उड्डाणाचा परवाना मिळाला.

विमान घरी बांधले, म्हणून ते कुठेही उडवता येते असे नाही. भारतात कोणतेही विमान नोंदणी आणि उड्डाणयोग्यतेची कागदपत्रे किंवा विशेष परवाना असल्याशिवाय उडवता येत नाही.

विदर्भाच्या हवेत हीटर लागतोच कशाला?

मे महिन्यातील यवतमाळ आठवले तर हा प्रश्न रास्त आहे. पण हवेचे गणित वेगळे असते. साधारणपणे दर हजार फूट वर गेल्यावर तापमान दोन अंश सेल्सिअसने उतरते. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचौदाशे फुटांवर आहे. जानेवारीच्या सकाळी खाली १२ अंश असतील, तर आठ हजार फुटांवर पारा शून्याच्या आसपास पोहोचू शकतो.

त्यात छोट्या विमानाची केबिन म्हणजे पातळ पत्रा आणि मोठी काच. ताशी दोनशे किलोमीटर वेगाने जाताना दाराच्या आणि काचेच्या प्रत्येक फटीतून गार वारा आत घुसतो. तासाभरात बोटे बधिर होतात. बधिर बोटांनी रेडिओची बटणे फिरवणे, नकाशा हाताळणे अवघड होते. काचेवर आतून वाफ धरली तर समोरचे दिसत नाही. म्हणजे हीटर ही केवळ चैनीची वस्तू नाही.

ही ऊब येते कुठून?

पेट्रोल जाळून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम एक तृतीयांश ऊर्जा पंखा फिरवायला लागते. उरलेली उष्णतेच्या रूपात बाहेर जाते. काही धुरावाटे, काही इंजिन गार ठेवणाऱ्या हवेवाटे किंवा पाण्यावाटे. हीटर ही वाया जाणारी उष्णता उचलतो. त्याचे मुख्य प्रकार तीन.

पहिला, एक्झॉस्ट पाइपवरचा हीटर. इंजिनातून येणारा धूर ज्या पाइपमधून किंवा सायलेन्सरमधून जातो, त्याच्याभोवती पत्र्याची खोळ बसवतात. पाइप आणि खोळ यांच्यामध्ये बोटभर पोकळी असते. बाहेरची ताजी हवा एका नळीने या पोकळीत शिरते, तापलेल्या पाइपला घासून गरम होते आणि दुसऱ्या नळीने केबिनकडे जाते. वैमानिक प्रशिक्षणासाठी वापरली जाणारी सेस्ना १५२ आणि १७२ ही विमाने याच पद्धतीने गरम होतात. हवेने गार होणारे इंजिन असलेल्या बहुतेक घरगुती विमानांतही हीच पद्धत वापरतात.

दुसरा, गरम पाण्याचा हीटर. इंजिन पाण्याने गार होत असेल, तर ते गरम पाणी केबिनमधील छोट्या रेडिएटरमधून फिरवून मागे पंखा लावतात. मोटारीतील हीटर हाच. फुलसावंगीच्या हेलिकॉप्टरला बसवलेले मारुती ८०० चे इंजिन याच जातीचे, पाण्याने गार होणारे. यात धुराच्या पाइपचा थेट संबंध येत नाही, त्यामुळे हवेत विष मिसळण्याचा धोका बराच कमी असतो. त्याबदल्यात वजन वाढते आणि नळी फुटली तर उकळते पाणी पायावर येण्याची भीती असते.

तिसरा, विजेचा हीटर. तो सर्वांत स्वच्छ, पण गणितात बसत नाही. घरातील साधा रूम हीटर दोन हजार वॉट खातो. १४ व्होल्टच्या विमानात त्यासाठी सुमारे १४० अँपिअर प्रवाह लागेल. हलक्या विमानांत लोकप्रिय असलेल्या ‘रोटॅक्स ९१२’ इंजिनावरील जनित्र साधारण २५० वॉटच देते. त्यामुळे विजेवर तापणारे जॅकेट किंवा हातमोजे चालू शकतात, पण सबंध केबिन गरम होत नाही.

म्हणून बहुतेकांची गाडी पहिल्या प्रकारावर येऊन थांबते. स्वस्त, हलका, घरी बनवता येणारा. धोकाही तिथेच आहे.

मग अडचण नेमकी कुठे आहे?

पहिल्या प्रकारात श्वासाची हवा आणि इंजिनाचा धूर यांच्यामध्ये असतो फक्त पाइपचा पातळ पत्रा. आतून सातशे-आठशे अंश सेल्सिअसचा धूर, बाहेरून शून्याजवळची हवा आणि जोडीला इंजिनाची सततची थरथर. तापणे-गार होणे, तापणे-गार होणे असे शेकडो वेळा झाले की वेल्डिंगच्या सांध्याजवळ केसाएवढी चीर पडते. त्या चिरेतून धूर थेट गरम हवेच्या पोकळीत आणि तिथून केबिनमध्ये येतो.

या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. रंग नाही, वास नाही, चव नाही. विमानांच्या इंजिनात तो मोटारीपेक्षा बराच जास्त असतो. एक तर हवेने गार होणारी इंजिने तापू नयेत म्हणून त्यांना अनेकदा गरजेपेक्षा जास्त पेट्रोल दिले जाते. दुसरे म्हणजे विमानाच्या नेहमीच्या पेट्रोलमध्ये शिसे असते आणि शिशामुळे मोटारीतला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो. त्यामुळे तो बसवताच येत नाही.

एक साधे गणित करून पाहू. अशा धुरात पाच टक्के कार्बन मोनॉक्साइड आहे असे धरू. केबिनमध्ये हजार लिटर हवा आहे आणि तीत एक लिटर धूर मिसळला. पाण्याची एक बाटली भरेल, एवढाच. तेवढ्याने हवेतील कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण दहा लाखांत ५० भाग होते. अमेरिकेच्या विमान नियमांत छोट्या विमानांच्या केबिनसाठी २०१७ पर्यंत ठरलेली कमाल मर्यादा हीच होती, वीस हजार भागांत एक. म्हणजे एका बाटलीभर धुरात मर्यादा संपली.

शरीरात काय होते?

रक्तातील हिमोग्लोबिन फुप्फुसातून प्राणवायू उचलून शरीरभर पोहोचवते. कार्बन मोनॉक्साइड या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. एकदा चिकटला की सहज सुटत नाही. ताज्या हवेत त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला चार ते सहा तास लागतात. रुग्णालयात शुद्ध प्राणवायू दिला तरी तास-दीड तास जातो.

लक्षणे फसवी असतात. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे, झोप येणे. वैमानिकाला वाटते नाश्ता बाधला किंवा झोप झाली नाही. हवेतील प्रमाण दहा लाखांत २०० भाग असेल तर दोन-तीन तासांत डोके दुखू लागते. ८०० भागांवर पाऊण तासातच चक्कर आणि मळमळ सुरू होते आणि दोन तासांत शुद्ध हरपू शकते.

उंचीवर हा त्रास दुप्पट जाचतो. आठ हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांशच उरतो, म्हणजे प्राणवायू आधीच कमी. त्यात आहे तो उचलणारे रक्तही अडवले गेलेले. आणि सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे, निर्णय घेणारा मेंदूच आधी मंदावतो. आपले काही चुकते आहे, हे ओळखण्याची शक्तीच जाते. थंडी वाजते म्हणून वैमानिक हीटर आणखी उघडतो आणि विष आणखी आत येते.

असे प्रत्यक्ष घडले आहे का?

जगभर गाजलेले उदाहरण फुटबॉलपटू एमिलियानो साला याचे. २१ जानेवारी २०१९ च्या रात्री फ्रान्समधील नाँतहून वेल्समधील कार्डिफला जाताना त्याचे एक इंजिनाचे ‘पायपर मालिबू’ विमान इंग्लिश खाडीत कोसळले. सालाच्या रक्तातील ५८ टक्के हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडने अडवलेले आढळले. ब्रिटनच्या विमान अपघात तपास विभागाने २०२० च्या अंतिम अहवालात म्हटले की, वैमानिकावरही या विषाचा परिणाम झालेला असण्याची शक्यता आहे. हे विमान घरी बांधलेले नव्हते, कारखान्यात तयार झालेले होते. कारखान्याच्या विमानात हे होऊ शकते, तर गॅरेजमधील विमानात किती दक्षता हवी, याचा अंदाज यावरून येतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने जानेवारी २०२२ मध्ये मांडलेले आकडेही बोलके आहेत. १९८२ ते २०२० या काळात कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेमुळे झालेले ३१ विमान अपघात मंडळाने नोंदवले. त्यांपैकी २३ प्राणघातक होते आणि त्यांत ४२ जणांचा जीव गेला. या ३१ पैकी केवळ एका विमानात वायू ओळखणारे साधन होते आणि तेही आवाज करून सावध करणारे नव्हते. अशी साधने सक्तीची करावीत, अशी शिफारस मंडळाने केली.

घरी हीटर बसवताना चुका कुठे होतात?

पहिली चूक पत्र्याची. कूलरला वापरतात तो गॅल्व्हनाइज्ड पत्रा हाताशी असतो, कापायला सोपा असतो आणि गंजत नाही. पण त्यावर जस्ताचा थर असतो. कूलरमध्ये पाणी असते, इथे आग. तापलेल्या जस्ताची वाफ आरोग्याला घातक असते, शिवाय जस्त गरम स्टेनलेस स्टीलमध्ये शिरून त्याला ठिसूळ करते. म्हणून एक्झॉस्टवर जस्ताचा मुलामा असलेली हत्यारेसुद्धा वापरू नयेत, असे अमेरिकी विमान प्रशासनाची दुरुस्ती पुस्तिका बजावते. माप घेताना शिसपेन्सिलीने रेघ मारायलाही त्यात मनाई आहे. पाइप तापला की त्या रेघेतील कार्बन धातूत उतरतो आणि नेमकी तिथेच चीर जाते.

दुसरी चूक जास्त उष्णतेच्या हव्यासाची. खोळीत पुरेशी ऊब मिळाली नाही की काही जण पाइपभोवती स्प्रिंग गुंडाळतात किंवा भांडी घासायची स्टीलची घासणी कोंबतात. त्याने हवा पाइपजवळ जास्त वेळ रेंगाळते आणि खरोखर जास्त तापते. मात्र त्याखाली पडलेली चीर नजरेला दिसत नाही, शिवाय घासून पाइप झिजतो. ही युक्ती करायचीच असेल, तर ठराविक तासांनी सगळे उघडून पाहण्याची शिस्त हवी.

तिसरी चूक हवा कोंडण्याची. हीटर नको असेल तेव्हा झडप बंद करायची, हे सरळ वाटते. पण खोळीतील हवा थांबली तर तिथला पाइप बेसुमार तापतो आणि लवकर फाटतो. म्हणून झडप हवा बंद करत नाही, वळवते. हीटर चालू असेल तर हवा केबिनमध्ये, नसेल तर बाहेर. खोळीतून वारा कायम वाहता राहिला पाहिजे.

चौथी चूक फायरवॉलची. इंजिन आणि केबिन यांच्यामध्ये आग अडवणारी धातूची भिंत असते. गरम हवेसाठी तिला भोक पाडावे लागते. त्या भोकावर बसणारी झडपेची पेटी ॲल्युमिनियमची असेल तर इंजिनाला आग लागताच ती वितळते, कारण ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. फायरवॉलने मात्र सुमारे ११०० अंशांची ज्वाळा पंधरा मिनिटे अडवावी, अशी अपेक्षा असते. त्यामुळे ही पेटी स्टेनलेस स्टीलचीच हवी आणि बंद केल्यावर ती घट्ट मिटायला हवी. इंजिनाकडील नळ्याही साध्या प्लॅस्टिकच्या चालत नाहीत. काचतंतूच्या कापडावर सिलिकॉनचा लेप दिलेल्या, आत तारेचे वेटोळे असलेल्या नारिंगी नळ्या त्यासाठी मिळतात.

पाचवी चूक फटींची. उडताना अनेक छोट्या विमानांच्या केबिनमधला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो. त्यामुळे पोटाखालून जाणारा धूर चाकांच्या, पंखांच्या दांड्यांच्या भोकांतून आत ओढला जातो. हीटर बंद असतानाही. म्हणून केवळ हीटर तपासून भागत नाही, प्रत्येक भोक बुजवावे लागते. आत येणाऱ्या गरम हवेला बाहेर जायला मात्र ठरलेली वाट ठेवावी लागते, नाहीतर ती आत शिरतच नाही.

तपासणी कशी करतात?

पंक्चरच्या दुकानात ट्यूब पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे शोधतात, तीच पद्धत. व्हॅक्यूम क्लीनरची हवा उलटी, म्हणजे फुंकणाऱ्या बाजूने, एक्झॉस्ट पाइपमध्ये सोडतात. खोळ काढून पाइपच्या सांध्यांवर साबणाचे पाणी मारतात. चीर असेल तिथे फेस फुगतो. खर्च साबणाचा आणि अर्ध्या तासाचा.

खोळ न काढता ‘वरून ठीक दिसते’ असे म्हणणे ही सर्वांत महागात पडणारी सवय आहे. खोळ सहज निघेल अशी बनवणे, हाच घरी विमान बांधणाऱ्याचा खरा शहाणपणा. स्क्रू काढायला तास लागणार असेल, तर माणूस दरवेळी टाळतो. क्लॅम्प सोडून दोन मिनिटांत निघणार असेल, तर पाहतो.

त्यानंतर मोजणी. कार्बन मोनॉक्साइड मोजणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र केबिनमध्ये ठेवून आधी जमिनीवर, मग हवेत, हीटर बंद आणि चालू अशा दोन्ही स्थितींत आकडे नोंदवतात. रंग बदलणारी चिकटपट्टी स्वस्त असते, पण तिच्याकडे पाहिले तरच कळते आणि ती लवकर शिळी होते. ज्याचा मेंदू मंदावतो आहे त्याने पट्टीकडे पाहण्याची अपेक्षा धरणे चूक आहे. कानात वाजणारे, डोळ्यांसमोर चमकणारे यंत्र हवे. घरात भिंतीवर लावायचे अलार्मही इथे पुरे पडत नाहीत, कारण उगाच वाजू नयेत म्हणून ते दहा लाखांत ७० भागांवर तासभर किंवा त्याहून अधिक काळ थांबतात.

हवेत असताना यंत्र वाजले तर?

क्रम ठरलेला आहे. हीटर ताबडतोब बंद. ताज्या हवेच्या झडपा आणि उघडत असेल तर खिडकी पूर्ण उघडायची. प्राणवायूची बाटली असेल तर नाकाला लावायची. नियंत्रण कक्षाला कळवून जवळच्या धावपट्टीवर उतरायचे. ‘आता बरे वाटते’ म्हणून पुढे जायचे नाही, कारण रक्तात चिकटलेला वायू कित्येक तास तसाच असतो. उतरल्यावर डॉक्टरांना ‘कार्बन मोनॉक्साइड’ असे स्पष्ट सांगायचे. बोटाला लावायचा नेहमीचा पल्स ऑक्सिमीटर इथे फसवतो, तो हा वायू चिकटलेले रक्तही प्राणवायूने भरलेले समजतो.

ज्यांच्याकडे विमान नाही त्यांनी हे का वाचावे?

कारण हाच वायू थंडीत घरात येतो. न्हाणीघरात खिडकी बंद करून लावलेला गॅस गिझर, बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून झोपणे, दार लावलेल्या खोलीत चालवलेला जनरेटर, बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवून गाडीत झोपणे. प्रत्येक ठिकाणी इंधन अर्धवट जळते आणि हवा कोंडलेली असते. उपाय तेच आहेत. जळणारी वस्तू श्वासाच्या हवेपासून वेगळी ठेवा, हवेला वाट द्या आणि कोणाला गरगरले तर आधी दारे-खिडक्या उघडून त्याला बाहेर आणा. गॅस गिझर शक्यतो न्हाणीघराबाहेर बसवा आणि त्याचा धूर नळीने घराबाहेर सोडा.

फुलसावंगीचा धडा कोणता?

इस्माईलकडे हात होते, चिकाटी होती, बातम्या वाचलेल्या प्रत्येकाने ते मान्य केले. उडणाऱ्या यंत्राला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे दुसऱ्याचे डोळे. अमेरिकेत घरी बांधलेले विमान पूर्ण झाल्यावर तपासनीस ते पाहतो आणि मग ठरावीक क्षेत्रात, प्रवासी न घेता, साधारण २५ ते ४० तास चाचणी उड्डाणे करावी लागतात. दरम्यान एक्झॉस्ट उघडून पाहिला जातो, आकडे लिहून ठेवले जातात. हौशी बांधणारे एकमेकांची विमाने तपासतात, कारण स्वतःच्या कामातील चूक स्वतःला दिसत नाही.

गावातील वेल्डरलाही हे परके नाही. ट्रॉलीचा जोड दिला की तो शेजारच्या मिस्त्रीला ‘बघ जरा’ म्हणतोच. हेलिकॉप्टर असो, विमान असो की पत्र्याचा साधा हीटर, ते सुरू करण्याआधी कोणीतरी दुसऱ्याने खोळ काढून पाहिलेली असली पाहिजे. हीटरच्या बाबतीत त्याला लागते एक बादली पाणी, थोडा साबण आणि अर्धा तास.